अँप्लिफायर घेण्याआधी स्पीकरची पाठ वाचा

मैत्रिणींनो, कुकर, मिक्सर घ्यायचा म्हटलं की घरात आपला शब्द शेवटचा. पण गाण्याचा संच घ्यायला गेलं की पुरुषमंडळी पुढे आणि आपण पिशवी धरून मागे! ‘किती वॅटचा?’ एवढं विचारलं जातं आणि ज्यावर मोठा आकडा, तो संच घरी येतो. पैसे मात्र घरखर्चातलेच जातात.

कितीतरी घरांत सासऱ्यांच्या हौसेचे जुने लाकडी स्पीकर अजून धडधाकट आहेत. मोबाइलवरची गाणी लावता येणारा छोटा अँप्लिफायर हल्ली घरपोच मिळतो. तो जोडला की सासूबाईंचे अभंग पुन्हा सुरू! पण जोडी जमली नाही तर स्पीकरमधला ट्विटर, म्हणजे बारीक सूर काढणारा छोटा भाग, जळतो. जुन्या स्पीकरला तसाच ट्विटर मिळणं कठीण. आम्हा गारगोटीकरांना त्यासाठी कोल्हापूरची खेप घालावी लागते, आणि तिथंही मिळेलच असं नाही.

म्हणून आधी स्पीकर उलटा करून पाठीवरची पाटी वाचा. दोन आकडे वहीत उतरवून घ्या : वॅट आणि ओहम.

वॅट म्हणजे स्पीकरला किती ताकद सोसते ते. त्यात ‘आरएमएस’ लिहिलेला आकडाच खरा धरा. ‘पीएमपीओ’चा आकडा क्षणभराच्या ताकदीचा आणि फुगवलेला असतो. १९९० नंतरच्या काळात असे हजार-हजार वॅटचे संच घरोघरी आले. सोपी पारख सांगते. संचाच्या मागे तो वीज किती घेतो हे लिहिलेलं असतं. ६० वॅट वीज घेणारा संच सतत १००० वॅट आवाज देईल कसा? पिठापेक्षा भाकरी जड कुठून होणार?

स्पीकर ५० वॅट आरएमएसचा असेल तर अँप्लिफायर दर बाजूला ५० ते ७५ वॅटचा असावा. ‘कमी ताकदीचा घेतला की स्पीकर सुरक्षित’ हा समज अर्धाच खरा आहे. हळू आवाजात तो बिघाड करत नाही. पण १५ वॅटच्या अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, की झेपत नसताना ओरडणाऱ्या माणसासारखा त्याचा आवाज फाटतो. त्या फाटक्या आवाजातली जास्तीची ताकद ट्विटरवर पडते आणि तो तापून जळतो. आवाज चिरका झाला की लगेच बटण मागे घ्या, हे मुलांनाही शिकवून ठेवा.

आता ओहम. हा आकडा जितका लहान, तितका स्पीकर अँप्लिफायरकडून जास्त वीज ओढतो. रुंद नळाने टाकी लवकर उपसावी तसा. अँप्लिफायरवर ‘कमीत कमी ८ ओहम’ लिहिलं असेल तर ४ ओहमचे स्पीकर लावू नका. स्वयंपाकघरातही गाणी हवीत म्हणून त्याच जागी आणखी एक ८ ओहमची जोडी लावली, तर दोन्ही मिळून ४ ओहमच होतात, बरं का! अँप्लिफायर तापतो तो यामुळे.

आणि इतकी ताकद लागते तरी कुठे? साधारण स्पीकर १ वॅटमध्ये, १ मीटरवर, ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात! म्हणून ५० ऐवजी १०० वॅटसाठी जास्त पैसे मोजताना दोनदा विचार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. मुलांसाठी हीच मर्यादा ७५ आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मिरवणुकीतली ‘डॉल्बी’ घरात आणायची नाही!

जोडताना एवढं पाहा :

* प्लग काढूनच वायरी जोडा. तांब्याची १ स्क्वेअर एमएमची वायर छोट्या खोलीला पुरते.
* लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं झालं तर ठेका पोकळ वाटतो.
* वायरीचे सुटे धागे एकमेकांना चिकटू देऊ नका.
* अँप्लिफायरवर हौसेने विणलेलं कव्हर चालू असताना घालू नका. त्याला वारा लागतो.
* वळवाच्या पावसात विजा कडाडू लागण्याआधीच प्लग काढून ठेवा.

दुकानात जाताना ती वही आणि घरच्यांच्या आवडीचं एखादं गाणं मोबाइलमध्ये घेऊन जा. हळू आणि मोठ्या, दोन्ही आवाजांत ऐका. दुकानदाराला ‘दर बाजूला आरएमएस किती, आणि किती ओहमवर?’ असं विचारा. नीट उत्तर मिळालं, तरच पर्स उघडा.