शाळा दुपारी सुटते, ऑफिस नाही!

रेवदंड्याचा वीकएण्ड म्हणजे प्लॅन ठरलेला. बोटीने मांडवा, पुढे अलिबाग, मग नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती मुक्काम, पोर्तुगीज तटबंदीवर फोटोसेशन आणि ताटात गरमागरम सुरमई. झक्कास! पण ऐन जेवणाच्या गर्दीत गॅस बारीक करून आपल्याला वाढणाऱ्या ताई मधेच कुठे पळतात? मी गेल्या ट्रिपला विचारलंच. ‘‘अंगणवाडी सुटली ना! पोराला सासूबाईंकडे सोडते नि येते.’’ आणि सासूबाई नसत्या तर? ‘‘मग हे काम जमलंच नसतं.’’

विचार करा, आपल्या ऑफिसातही हाच प्रॉब्लेम आहे. फक्त आपण तो पैसे टाकून सोडवतो. सकाळी प्लेस्कूल, दुपारी डे-केअर, मधे व्हॅनवाले काका. त्यातून बोर्डावर ‘मॉन्टेसरी’ लिहिलेलं असलं की फी बघून आजोबांना घाम फुटतो.

गंमत म्हणजे हीच मॉन्टेसरी आपल्याकडे गरिबाच्या अंगणात कधीच येऊन गेलीय. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच कोकण किनाऱ्यावर, पण मुंबईच्या वरच्या अंगाला, बोर्डीत काम सुरू केलं. महागडी साधनं आणायला पैसे होते कुणाकडे? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच शिक्षणाचं साहित्य झालं. मुलं बालवाडीत येत नाहीत? मग बालवाडीच वस्तीतल्या अंगणात न्यायची. ही अंगणवाडी. मोठी मुलं गुरं चारायला जातात? मग कुरणातच शाळा. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र! कारण साधं होतं. धाकट्याला कुणी सांभाळलं, तरच थोरली शाळेत येणार.

सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभरात प्रकल्प होते फक्त ३३. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. नेटवर्क म्हणाल तर जबरदस्त. पण एका अंगणवाडीत माणसं किती? एक सेविका, एक मदतनीस. त्यांनी पोषण आहार बघायचा, वजनं घ्यायची, लसीकरणाला मुलं जमवायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, मोबाइल अ‍ॅपवर नोंदी करायच्या. आणि उरलेल्या वेळात शिकवायचं! आपल्याला कुणी एवढी कामं एकाच पगारात दिली असती, तर त्याच संध्याकाळी रेझ्युमे अपडेट झाला असता. इथे तर पगार म्हणतही नाहीत, म्हणतात ‘मानधन’. त्यातला केंद्राचा आकडा २०१८ मध्ये वाढून ४,५०० रुपये झाला. या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं.

‘एवढ्याशा पोरांना काय शिकवायचं?’ हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जावं. तिथे काही घरांत आजही पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली बोलतात. घरातली भाषा वेगळी, शाळेची वेगळी. मधला पूल बांधायचं वय हेच, तीन ते सहा. आणि तो पूल गाणी, गोष्टी आणि गप्पांतूनच बांधला जातो. त्यासाठी मोकळा वेळ असलेलं माणूस लागतं.

पण कायद्याला हे वय दिसतच नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा हक्क देतो तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना. त्याआधीच्या मुलांसाठी सरकारने सोय ‘करावी’, अशी मोघम सूचना. २०२० च्या शिक्षण धोरणाने २०३० पर्यंत प्रत्येक लहान मुलापर्यंत चांगलं पूर्वप्राथमिक शिक्षण पोचवायचं ठरवलंय खरं. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची ‘पाळणा’ योजनाही २०२२ मध्ये आली. म्हणजे फंडा तोच, कोसबाडचा!

मग हवं काय? माझी लिस्ट छोटी आहे. प्रत्येक अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी आणखी एक बाई, तिला रीतसर पगार आणि दुपारनंतरही उघडं राहणारं दार. खर्च येईल, येणारच. पण आज तो खर्च कुणी करत नाही असं थोडंच आहे? कुठे आईची नोकरी जाते, कुठे ताईची शाळा, कुठे म्हाताऱ्या आजीची दुपारची झोप. बजेटमध्ये तो दिसत नाही, एवढंच.

आणि हे फक्त गावाचं दुखणं समजू नका. तुमच्या चकाचक टॉवरच्या मागच्या वस्तीतही अंगणवाडी आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं पोर तिथेच जातं. पुढच्या वेळी मत मागायला कुणी दारात आलं, तर रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारा: ‘‘साहेब, आपल्या वॉर्डातली अंगणवाडी किती वाजता सुटते?’’ उत्तर आलं नाही, तर काय समजायचं ते तुम्ही सुज्ञ आहातच!