पट नव्हे, हजेरी मोजा



‘मुलींची पटसंख्या मुलांइतकी झाली, म्हणजे शिक्षण प्रकल्पाने समानता साधली’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. पट जूनमध्ये भरतो. दिवाळीच्या सुमारास आमच्या जामखेड तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी फडावर जाते. पटावर तिचे नाव तसेच राहते.

अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. पास किती वाटले, हे अहवालात येते. पण शाळा सुटल्यावर गाडी किती वाजता येते आणि अंधार पडतो म्हणून किती जणींना घरी बसवले, हे कोण विचारतो?

काय मोजायचे, हे जामखेडनेच दाखवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये इथे आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि पुढे खेड्यांतल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या बाळंतपणे करू लागल्या, तशाच गावाच्या बैठकीत बोलूही लागल्या. माझ्या मते खरे यश हे दुसरे.

मूल्यमापन करणाऱ्यांनी जानेवारीत वर्गात यावे, हजेरी घ्यावी आणि गैरहजर मुलींच्या घरी जाऊन कारण लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, जामखेड