अमेरिकेतील परिचारिकांची ‘टंचाई’ : कोणी निर्माण केली?

अमेरिकेत परिचारिकांची टंचाई आहे, हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. रुग्णालयांचे मालक ते सांगतात, त्यांच्या संघटना वॉशिंग्टनमध्ये ते सांगतात, आणि परदेशांतून परिचारिका पुरविणारे दलाल कोट्टयमपासून मनिलापर्यंत तेच सांगत फिरतात. मग त्या देशात परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या माणसांची वानवा आहे काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आकडेवारीनुसार पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी २०२१ साली ९१,९३८ पात्र अर्ज नाकारले. २०२३ साली ही संख्या ६५,७६६ होती. हे आकडे अर्जांचे आहेत, अर्जदारांचे नव्हेत; एकाच विद्यार्थिनीचे अनेक अर्ज त्यांत असू शकतात, हे मान्य. परंतु ज्या कम्युनिटी कॉलेजांच्या दाराशी श्रमिक कुटुंबांतील स्त्रिया सर्वाधिक संख्येने उभ्या असतात, त्यांचे दोन वर्षांचे अभ्यासक्रम या मोजणीत धरलेलेच नाहीत. पात्र माणसे दारात उभी आहेत, दार बंद आहे, आणि आतून मालक ओरडतो आहे की माणसे मिळत नाहीत!

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकन सार्वजनिक जीवनातील काही मोजक्या लोकाभिमुख संस्थांपैकी एक. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली या प्रकारच्या पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाची सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणावे आणि तेथील शिक्षण विनाशुल्क असावे, अशी शिफारस केली. माध्यमिक शाळा संपविलेल्या कोणालाही प्रवेश, घराजवळ शिक्षण, कमी खर्च, हे त्यांचे ब्रीद. परिचर्येचे शिक्षण तेथे आले ते मिल्ड्रेड माँटाग या विदुषीच्या प्रयत्नाने. त्यापूर्वी बहुतेक परिचारिका रुग्णालयांच्या स्वतःच्या शाळांत तयार होत. तेथे ‘शिक्षण’ या गोंडस नावाखाली तीन वर्षे मुलींकडून वॉर्डातील कामे जवळजवळ फुकट करून घेतली जात. माँटाग यांनी १९५१ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील आपल्या प्रबंधात दोन वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणाची योजना मांडली, आणि १९५२ पासून सात महाविद्यालयांत तिचा प्रयोग झाला. तो यशस्वी ठरला. दोन वर्षांची पदवी घेणारी आणि चार वर्षांची पदवी घेणारी, दोघी आजही परवान्यासाठी एकच परीक्षा देतात.

या बदलाचा आर्थिक अर्थ मात्र फारसा कोणी मांडलेला नाही. रुग्णालयाच्या मालकाची फुकट मजुरी गेली हे खरे. परंतु त्याच वेळी प्रशिक्षणाचा खर्चही त्याच्या डोक्यावरून उतरून सार्वजनिक तिजोरीवर आला. आता त्याला शिकलेली, परवानाधारक कामगार तयार मिळते. तिच्या घडणीसाठी पैसे मोजण्याचे कर्तव्य त्याच्यावर उरले नाही. पुढील सारे अनर्थ येथून सुरू होतात.

आज या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणे म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात नर्सिंग असिस्टंट म्हणून राबणारी एखादी स्त्री घ्या. २०२३ साली या कामाचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ३८ हजार डॉलर होते; नोंदणीकृत परिचारिकेचे सुमारे ८६ हजार. दोघी एकाच रुग्णाच्या खाटेशी उभ्या असतात. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे भाड्याची चिंता आणि भाड्याची चिंता नसणे यांमधले अंतर. ते ओलांडायचे तर कॉलेजात नाव घालून भागत नाही. कॉलेजचे दार सर्वांना खुले. परिचर्या विभागाचे दार निराळे, आणि त्याला निराळे कुलूप.

प्रथम पूर्वअट म्हणून शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र हे प्रयोगशाळेसहित विषय, त्यांच्या जोडीला इंग्रजी, मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र, एवढे पुरे करावे लागते. नोकरी सांभाळून त्यात एक-दोन वर्षे सहज जातात. प्रयोगशाळेतील जागाही मोजक्याच असतात. म्हणजे कागदावर दोन वर्षांची असलेली ही पदवी प्रत्यक्षात तीन-चार वर्षांची होते. त्यानंतर अनेक कॉलेजे खासगी कंपनीची प्रवेशपरीक्षा मागतात, तिचे शुल्क वेगळे. लसीकरणाचे दाखले, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र, गुन्हेविषयक चौकशी, हे सारे आणखी वेगळे. प्रत्येक कॉलेजच्या अटी निराळ्या, तारखा निराळ्या. एका कॉलेजसाठी घेतलेला विषय शेजारच्या जिल्ह्यातील कॉलेजला चालेलच असे नाही.

आणि हे सर्व करून जागा मिळाली नाही तर? पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. पण येथेच खरी मेख आहे. पुष्कळ कॉलेजांत विज्ञानाचे विषय पाच किंवा सात वर्षांपेक्षा जुने झाले की बाद ठरतात. प्रतीक्षा यादीत वर्षे काढणाऱ्या स्त्रीने जे शिकून ठेवले, ते ती रांगेत उभी असतानाच ‘शिळे’ होते, आणि तिला तेच विषय पुन्हा पैसे भरून घ्यावे लागतात. गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या पेल अनुदानाची आयुष्यभराची मर्यादा २०१२ साली अठरा सत्रांवरून बारा सत्रांवर आणण्यात आली. पूर्वअटींतच त्यातील अनेक सत्रे खर्च होतात. मानवी शरीरातील हाडे सात वर्षांत बदलत नाहीत. कॉलेजचा नियम मात्र बदलत्या ज्ञानाचा हवाला देतो.

निवड कशी करायची, यावर तेथे बरेच रण माजले. कॅलिफोर्नियात अनेक कॉलेजे पात्र अर्जदारांमधून सोडत काढीत. भविष्य चिठ्ठीवर टांगणे कोणालाही रुचणारे नव्हते, आणि शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे असा आक्षेपही होता. २००७ च्या कायद्याने तेथील कॉलेजांना गुण, पूर्वीची पदवी, कामाचा अनुभव, भाषाज्ञान, जीवनातील अडचणी अशा अनेक निकषांवर निवड करण्याची मुभा दिली. निकषांची यादी वाईट नाही. तथापि गुणांची चुरस सुरू झाली की कोण पुढे सरकतो हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ज्याच्याकडे आधीच एक पदवी आहे आणि ज्याला अभ्यासासाठी नोकरी सोडता येते, तोच पुढे जातो. सोडतीत रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीला निदान इतरांइतकी संधी तरी होती. परंतु सोडत की गुणवत्ता हा वादच मुळात दिशाभूल करणारा आहे. वीस पात्र माणसांसाठी पाच जागा असतील तर कोणतीही पद्धत लावा, पंधरा बाहेरच राहणार. गुणवत्तेची चर्चा जितकी रंगते तितका हा ‘पाच’चा आकडा झाकला जातो.

मग जागा का वाढत नाहीत? तीन कारणे सांगितली जातात : शिकवायला अध्यापक नाहीत, प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयांत वाव नाही, आणि कॉलेजांकडे पैसा नाही. तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींचे मूळ एकच आहे. परिचर्या शिकविणाऱ्याला पदव्युत्तर पदवी लागते. ती पदवी असलेली नर्स प्रॅक्टिशनर २०२२ च्या सुमारास दवाखान्यात वर्षाला सरासरी सुमारे १ लाख २० हजार डॉलर मिळवीत असे. त्याच पदवीवर परिचर्या विद्यालयात शिकविणाऱ्या प्राध्यापकाला २०२२ च्या सुमारास सरासरी ८७ हजारांच्या आसपास मिळत. कोण शिकवायला येईल? वॉर्डात एका अध्यापिकेमागे साधारणपणे आठ-दहाच विद्यार्थी ठेवता येतात, आणि रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असल्याने ते योग्यच आहे. म्हणून हे शिक्षण महाग पडते. इतिहासाच्या वर्गात आणखी वीस बाके टाकता येतात, येथे येत नाहीत. विद्यार्थिसंख्येवर अनुदान मोजणाऱ्या व्यवस्थेत परिचर्या विभाग हा कॉलेजच्या अंदाजपत्रकातील तोट्याचा विभाग ठरतो, आणि प्राचार्य तो वाढवायला धजत नाहीत.

बाजारपेठेचे पुजारी येथे म्हणतील की मागणी आहे तर पुरवठा आपोआप होईल. पन्नास-साठ वर्षे मागणी आहे. तो ‘आपोआप’ अजून उगवलेला नाही. याचे कारण उघड आहे. प्रशिक्षणाचा लाभ रुग्णालयाला मिळतो आणि खर्च कॉलेजला पडतो. ज्याला लाभ होतो त्याच्याकडून खर्च वसूल करणारी कोणतीही यंत्रणा बाजारात नाही. ती राज्यानेच उभारावी लागते. डॉक्टरांच्या बाबतीत अमेरिकन राज्याने ती उभारलीही आहे. ‘मेडिकेअर’ ही वृद्धांसाठीची सार्वजनिक विमा योजना निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी रुग्णालयांना दरवर्षी दहा अब्जांहून अधिक डॉलर देते. परिचर्येसाठीही तिच्यात तरतूद आहे, पण मुख्यतः रुग्णालयांनी स्वतः चालविलेल्या शाळांपुरती, म्हणजे जो प्रकार आता मागे पडला त्याच्यासाठी. सर्वाधिक श्रमिक स्त्रिया जेथे शिकतात त्या कम्युनिटी कॉलेजच्या वाट्याला त्यातून काही येत नाही. डॉक्टरच्या शिक्षणाला राष्ट्रीय गरज मानायचे आणि परिचारिकेच्या शिक्षणाला तिची खासगी हौस, हा वर्गभेद आहे आणि लिंगभेदही.

दरम्यान ‘विनाशुल्क’ या शब्दाचे काय झाले? न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने १८४७ पासून चालत आलेले मोफत शिक्षण १९७६ च्या आर्थिक संकटात बंद केले. कॅलिफोर्नियात १९७८ साली मालमत्ता कराला कात्री लावणारा ‘प्रस्ताव १३’ मंजूर झाला, आणि १९८४ साली तेथील कम्युनिटी कॉलेजांत प्रथमच सर्वांसाठी शुल्क आले. जमीनमालकाचा कर कमी झाला आणि नर्सिंग असिस्टंटवर फी बसली. अर्थशास्त्रात याला वित्तीय सुधारणा म्हणतात.

सार्वजनिक दार बंद झाले की बाजूला खासगी दुकान उघडतेच. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांनी रांगेतील कंटाळलेल्या माणसांना गाठले : प्रतीक्षा यादी नाही, लगेच प्रवेश, शुल्क अनेक पटींनी, कर्जाची सोय दारातच. वैद्यकीय सहाय्यकांचे अभ्यासक्रम विकणारी कोरिंथियन ही साखळी २०१५ साली कोसळली. तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज २०२२ साली सरकारला माफ करावे लागले. त्याहून पुढची मजल फ्लोरिडात गाठली गेली. तेथील तीन परिचर्या शाळांतून ७,६०० हून अधिक बनावट पदव्या विकल्या गेल्याचे जानेवारी २०२३ मध्ये उघड झाले, आणि त्या विकत घेणाऱ्यांपैकी अंदाजे २,४०० जण परवाना परीक्षा उत्तीर्णही झाले होते. गुन्हा तो गुन्हाच. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण दुष्काळात काळा बाजार का होतो हे ज्याला कळते, त्याला ही घटनाही कळेल.

दुसरा मार्ग आयातीचा. फिलिपीन्स आणि भारत, विशेषतः केरळ, यांनी स्वतःच्या खर्चाने घडविलेल्या परिचारिका अमेरिका तयार उचलते. तिथल्या मालकाने ओहायोतील मुलीच्या शिक्षणाचे पैसे दिले नाहीत आणि कोट्टयममधील मुलीच्याही नाहीत. उलट आलेल्या मुलीला बांधून ठेवले जाते. न्यूयॉर्कमधील एका नर्सिंग होम समूहाने फिलिपिनो परिचारिकांच्या करारांत नोकरी सोडल्यास २५ हजार डॉलर दंडाचे कलम घातले होते. २०१९ साली संघीय न्यायालयाने ते बेकायदा ठरविले आणि मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग झाल्याचे म्हटले. मराठी वाचकाला ही कथा अनोळखी वाटू नये. २०११ साली मुंबईतील खासगी रुग्णालयांत केरळी परिचारिका रस्त्यावर आल्या त्या बॉण्डच्याच विरोधात, मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात अडकली होती म्हणून. न्यूयॉर्कचा करार आणि मुंबईचा बॉण्ड एकाच कारखान्यात तयार होतात.

वरून शिडीची एक पायरीही काढून घेण्याचा उद्योग चालू आहे. मोठी रुग्णालये आता चार वर्षांची पदवी मागू लागली आहेत. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदा करून नव्या परिचारिकांना दहा वर्षांच्या आत ती मिळविणे सक्तीचे केले. अधिक शिक्षणाला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. मग ती पदवी कम्युनिटी कॉलेजलाच देऊ द्या, अशी मागणी कॅलिफोर्नियात पुढे आली, विधिमंडळाने प्रायोगिक स्वरूपाचे विधेयकही संमत केले, आणि २०२४ साली गव्हर्नर न्यूसम यांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठविले. गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत, हे उदारमतवादी मित्रांनी नोंदवून ठेवावे.

ज्या परिचारिका सेवेत आहेत त्या काय म्हणतात? सप्टेंबर २०२२ मध्ये मिनेसोटात सुमारे १५,००० परिचारिकांनी तीन दिवसांचा संप केला. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन मोठ्या रुग्णालयांत ७,००० जणी संपावर गेल्या. पगाराइतकीच मुख्य मागणी होती वॉर्डात पुरेशा परिचारिका नेमण्याची. टंचाईने हैराण झाल्याचे सांगणारे मालक नेमणुका वाढविण्याच्या मागणीशी झगडत होते.

आपल्याकडेही बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना अमेरिकेचे नाव घेऊन आणली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांसाठी १,५७० कोटी रुपये मंजूर केले, म्हणजे प्रत्येकी दहा कोटी. दहा कोटींत इमारत उभी राहील. ज्या जिल्ह्यात असे महाविद्यालय येणार असेल तेथील कार्यकर्त्यांनी अधिष्ठात्यांकडे लेखी विचारणा करावी : शिकविणाऱ्यांची मंजूर पदे किती, त्यांतील कायम किती आणि कंत्राटी किती, सामान्य रुग्णालयातील वॉर्ड सरकारी विद्यार्थिनींना आधी मिळणार की शुल्क मोजणाऱ्या खासगी संस्थांना, आणि आशा, अंगणवाडी सेविका किंवा रुग्णालयातील आया म्हणून दहा वर्षे राबलेल्या स्त्रीला त्यात एक तरी राखीव जागा आहे काय.