एकाच संगणकात दोन पेढ्या

वार्षिक परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत गेमिंगच्या संगणकाची मागणी पुढे येते. अलीकडे तिला एक जोड मिळाली आहे : "त्याच संगणकावर आम्ही मित्रांसाठी सर्व्हरही चालवू." परभणीचा एक, सेलूचा दुसरा, जिंतूरचा तिसरा, असे मित्र मग एकाच खेळात भेटतात. ही मागणी उडवून लावू नये आणि डोळे झाकून मान्यही करू नये. एखाद्या व्यवहाराप्रमाणे ती पारखून घ्यावी.

सर्व्हर म्हणजे खेळाची खतावणी. कोणी काय केले याची नोंद ठेवून ती सर्वांना सारखी कळवणे, हे त्याचे काम. 'माइनक्राफ्ट'चा सर्व्हर हा हिशेब सेकंदाला २० वेळा करतो. प्रत्येक फेरीस केवळ ५० मिलिसेकंद मिळतात. त्यात हिशेब पुरा झाला नाही, तर सर्वांचाच खेळ अडखळतो. या कामास ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते खेळणाऱ्यास लागते. ओढाताण होते ती प्रोसेसर आणि रॅम यांची, कारण ती दोन्ही पेढ्यांत सामायिक असतात. म्हणून ८ कोरचा वेगवान प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि एसएसडी घ्यावी. चार-पाच मित्रांच्या सर्व्हरला ४ ते ६ जीबी रॅम पुरते. उरलेली खेळास मोकळी राहते.

खरेदीनंतरचा खर्चही मांडावा. संगणक सरासरी १०० वॅट वीज घेऊन अहोरात्र चालला, तर महिन्याला ७२ युनिट होतात. आपल्याकडील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हवा खेळती राहील अशी कॅबिनेट हवी. वीज अवचित गेल्यास सर्व्हरवरील नोंदी बिघडू शकतात. त्यासाठी यूपीएस आणि रोजची बॅकअप प्रत आवश्यक आहे.

सर्वांत नाजूक बाब इंटरनेटची. अनेक जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता कित्येक ग्राहकांत वाटलेला असतो; अशा घरातील सर्व्हरपर्यंत मित्र थेट पोहोचू शकत नाहीत. मग स्वतंत्र स्थिर पत्ता घ्यावा लागतो. त्यासाठी राउटरचे पोर्ट उघडणे म्हणजे दुकानाचे मागचे दार उघडे ठेवणे होय. म्हणून दुकानाचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार या संगणकावर कदापि ठेवू नयेत. दुकानाचे नेटवर्कही वेगळे असावे. प्रवेश केवळ ओळखीच्या नावांच्या यादीपुरताच द्यावा.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ तिच्याबाहेर आहेत. ही सीमारेषा मुलांना आधीच समजावून द्यावी.

तात्पर्य, मोजक्या मित्रांसाठी आणि खेळाच्या वेळेपुरता सर्व्हर चालवायचा असेल, तर एकच संगणक किफायतशीर ठरतो. तो अहोरात्र चालवायचा झाला, तर दुकानातून निवृत्त झालेला, पण सुस्थितीतील जुना संगणक पुसून त्या कामी लावावा, अथवा मुंबईतील डेटा सेंटरमधील सर्व्हर मासिक भाड्याने घ्यावा. मात्र विजेचा हिशेब, बॅकअप आणि प्रवेशाची यादी मुलांच्याच हाती सोपवावी. इतरांचा भरवसा ज्यावर आहे अशी गोष्ट रोज नीट चालवणे, हा पेढीचा पहिला धडा त्यांना तेथेच मिळेल.