कॅमेरा घेऊन एकट्याने कोठे जावे?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या घरांतील तरुण मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. कॅमेरा गळ्यात अडकवून आठवडाभर एकट्याने फिरावयाचे, तर या ब्रिटनमध्ये कोठे जावे? वडीलधाऱ्यांना त्यातला ‘एकट्याने’ हाच शब्द प्रथम खटकतो. परंतु छायाचित्रण हे मुळातच एकट्याचे काम आहे. योग्य प्रकाश पडेपर्यंत एकाच दगडासमोर तासभर उभे राहण्याचा धीर सोबतच्या मंडळींकडे सहसा नसतो, आणि तशी अपेक्षाही करू नये. तेव्हा एकटे जाण्यास हरकत नाही. विचार करावयाचा तो दिशेचा.

बहुतेकांचा पहिला ओढा उत्तरेकडे असतो. स्काय बेटावरील ‘ओल्ड मॅन ऑफ स्टॉर’चा सुळका किंवा लुईस बेटावरील कॅलनिशच्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळा कोणाला मोहवणार नाहीत? जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. मात्र शब्बाथ पाळणाऱ्याने हिशेब नीट मांडावा. शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत तेथे मध्यरात्र उलटते. लुईसचे जुने ख्रिस्ती लोक रविवार इतक्या निष्ठेने पाळत आले, की स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीकडे रविवारी बोट सुटू लागली ती २००९ साली. ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आपल्या समाजाला अशा लोकांविषयी आपुलकीच वाटावी. पण प्रवाशाच्या आठवड्यातून शनिवार आपल्यासाठी जातो आणि रविवार बराचसा त्यांच्यासाठी. शिवाय बसगाड्या थोड्या, आणि उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चावरी चिलटे पहाटे व सायंकाळी, म्हणजे नेमक्या चांगल्या प्रकाशाच्या वेळी, घोंगावत येतात. स्वतःची मोटार आणि सोबत असेल तर उत्तरेस अवश्य जावे.

दुसरी दिशा यॉर्क आणि लिंकनची. १६ मार्च ११९० रोजी यॉर्कच्या किल्ल्यात आश्रय घेतलेले सुमारे दीडशे यहुदी प्राणास मुकले. कित्येकांनी शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच मरण पत्करले. आज तेथे दिसणारा दगडी क्लिफर्ड्‌स टॉवर तेराव्या शतकातील आहे; त्या रात्रीचा बुरूज लाकडी होता आणि तो जळाला. लिंकनच्या उभ्या चढणीवर बाराव्या शतकातील ‘ज्यूज हाऊस’ अजून उभे आहे. १२९० साली इंग्लंडमधून सर्व यहुद्यांना हद्दपार करण्यात आले, त्याआधीची ही वास्तू. प्रत्येकाने ही दोन्ही स्थळे पाहावीत. परंतु लंडनहून एकेका दिवसात ती पाहून होतात, आणि यॉर्कच्या टेकडीवरील डॅफोडिल्स फुलतात ती त्या घटनेच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, मार्चमध्ये. कॅमेरेवाल्याने तेथे तेव्हाच जावे.

उरली ती नैर्ऋत्य दिशा: डेव्हन आणि कॉर्नवॉल. प्रस्तुत लेखकाचे मत याच दिशेला आहे, आणि ते केवळ समुद्रामुळे नव्हे.

अठराव्या शतकात फॉलमथ बंदरात अलेक्झांडर मोझेस नावाचा चांदीचा कारागीर राहत असे. लोक त्याला झेंडर फॉलमथ म्हणत. तो गरीब यहुदी तरुणांना बकले, घड्याळे, चाकू असा किरकोळ माल फेरीसाठी उधार देई. अट एकच: आठवडाभर खेडोपाडी हिंडावे, पण शुक्रवारी परत येऊन मिन्यानला उभे राहावे. हिशेब रविवारी. घाणा शनिवारी बंद ठेवणाऱ्या कोकणातील आपल्या पूर्वजांना ही अट समजावून सांगावी लागली नसती.

त्या फेरीवाल्यांचे आज काय उरले आहे? फॉलमथचे सिनेगॉग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच बंद झाले, पेन्झान्सचे १९०६ साली. फॉलमथजवळ पॉन्सहार्डन येथे आणि पेन्झान्समध्ये उंच भिंतीआड त्यांची कबरस्ताने आहेत. प्लिमथचे १७६२ चे सिनेगॉग मात्र अजून चालू आहे. बाहेरून ते इतके साधे, की ओळखूही येऊ नये. आत दोन मजले उंचीचे सोनेरी नक्षीचे हेखाल. १९४१ च्या बाँबवर्षावात शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला, हे वाचले. एक्सेटरचे सिनेगॉग १७६३ चे. २१ जुलै २०१८ रोजी, आपल्या बिरड्याच्या सणाचा उपास सुरू होण्याच्या त्याच संध्याकाळी, एका माणसाने त्याला आग लावली. वास्तू वाचली आणि दुरुस्तही झाली. परंतु कालपर्यंत जसेच्या तसे असलेले उद्या तसेच असेल, हा भरवसा धरता येत नाही. कॅमेऱ्याचे खरे काम येथे आहे. स्टॉरचा सुळका चित्रावाचून अडलेला नाही. पावसावाऱ्याने झिजत चाललेले स्लेटच्या दगडावरील एखादे हिब्रू नाव अडलेले असते.

मोटार नसली तरी ही फेरी होते. लंडनच्या पॅडिंग्टनहून एक्सेटर, प्लिमथ, पेन्झान्स ही एकाच मार्गावरील स्थानके. फॉलमथसाठी ट्रुरोला गाडी बदलावी. झेंडरच्या माणसांप्रमाणे सोमवारी निघावे आणि शुक्रवारी प्लिमथ किंवा एक्सेटर गाठावे. या मंडळ्या लहान आहेत. प्रार्थना कोणत्या शब्बाथला आहे ते आधी विचारावे. वाटेत चवड असेल तर चिपनहॅमजवळचे लेकॉक गावही पाहावे. १८३५ च्या ऑगस्टमध्ये फॉक्स टॅल्बटने तेथे आपल्याच घराच्या खिडकीचे टपालाच्या तिकिटाएवढे चित्र घेतले; आज टिकून असलेले ते सर्वांत जुने निगेटिव्ह होय. जगाच्या शोधात न जाता त्याने आधी घरची खिडकी टिपली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कबरस्तानात परवानगीवाचून शिरू नये. पेन्झान्सचे कुलूपबंद असते, म्हणून आधी कळवून जावे. कोरलेली अक्षरे भर दुपारच्या उन्हात सपाट दिसतात. सकाळी वा सायंकाळी तिरपा प्रकाश पडला की ती उठून येतात. अक्षरे उठावीत म्हणून दगडावर खडू घासू नये, शेवाळ खरवडू नये. आधी संपूर्ण दगड, मग लेख, मग आजूबाजूचा परिसर असे क्रमाने टिपावे आणि स्थळ व तारीख वहीत लिहावी. नोंद नसलेले चित्र पन्नास वर्षांनी मुके होते.

कोणी म्हणेल, परक्यांच्या कबरी टिपण्यापेक्षा आपल्या कोकणात का जाऊ नये? अवश्य जावे, पण येथल्या उन्हाळ्यात नव्हे. जून ते सप्टेंबर तेथे धो धो पाऊस असतो आणि दगड हिरव्या शेवाळाखाली दडलेले असतात. डिसेंबरात जावे. नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण येथील आपली कबरस्ताने आणि मशिदी याच कामाची वाट पाहत आहेत. १९४८ नंतर घरेच्या घरे इस्राएलला गेली, काही इकडे आली, आणि मराठी व हिब्रू अशा दोन्ही लिपी वाचू शकणारे डोळे दरवर्षी कमी होत आहेत. कॉर्नवॉलचा उन्हाळा ही त्या डिसेंबरची तालीम समजावी.

मात्र शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत जावा. प्लिमथला वा एक्सेटरला त्या दिवशी नऊच माणसे जमलेली असतील, तर छायाचित्रकारापेक्षा दहावा माणूस म्हणून आपला उपयोग अधिक होईल.