सरावांत पाणी नाहीं

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या मैदानांवरील फुटबॉल नव्हे. त्यांचा चेंडू लांबट असतो, तो हातांत धरून पळावयाचें असतें आणि प्रतिपक्षानें त्या पळणाऱ्यास अंगबळानें खालीं पाडावयाचें असतें. डोक्यास शिरस्त्राण, खांद्यांवर जाड कवच. हा साज चढवून उन्हांत धांवणें म्हणजे काय, हें वैशाखांत रजई पांघरून जिना चढणाऱ्यासच कळेल! या खेळांतील एका जुन्या हंगामाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ती खेळाइतकीच गुरुशिष्यांच्या नात्याचीहि आहे.

१९५४ सालीं टेक्सासमधील 'टेक्सास ए अँड एम' या महाविद्यालयानें पॉल ब्रायंट यांस मुख्य प्रशिक्षक नेमिलें. लहानपणीं अस्वलाशीं कुस्ती खेळल्यामुळें लोक त्यांस 'बेअर' म्हणत. सप्टेंबरच्या आरंभीं हे गृहस्थ सुमारें शंभर विद्यार्थ्यांस बसगाड्यांत घालून दूरच्या जंक्शन नांवाच्या गांवीं घेऊन गेले. त्या वर्षांत टेक्सासमध्यें भीषण अवर्षण होतें. मैदान म्हणजे वाळलेली माती, दगड आणि कांटे. पारा शंभर अंश फॅरेनहाइटच्या वर. पहांटेपासून सराव चाले आणि सराव चालू असतां पाणी पिण्यास मनाई असे. पाण्यानें गडी नरम पडतो, अशी त्या काळच्या पुष्कळ प्रशिक्षकांची समजूत होती. (अशा समजुतींचा आमच्याकडेहि तोटा नव्हता.) एका मुलास उष्माघात होऊन तो मरतां मरतां वांचला. पोरें एकएक करून पळूं लागलीं. दहा दिवसांनीं शिबिर उठलें तेव्हां अवघे पस्तीसच्या आसपास उरले होते.

त्या हंगामांत या संघानें दहांपैकीं नऊ सामने गमावले. जॉर्जियाविरुद्ध ६-० असा एकच काय तो विजय. ब्रायंट यांच्या अडतीस वर्षांच्या कारकीर्दींत पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली ती या एकाच वर्षीं. परंतु १९५६ मध्यें ह्याच संघानें नऊ सामने जिंकले, एक बरोबरींत सोडविला आणि आपल्या मंडळाचें विजेतेपद मिळविलें. झालें! जंक्शनच्या भट्टींत सोनें तावून निघालें, असें लोक म्हणूं लागले आणि अद्यापि म्हणतात.

हा कार्यकारणभाव आम्हांस पटत नाहीं. १९५६ च्या संघांतील जॉन डेव्हिड क्रो हा नामांकित गडी १९५४ सालीं प्रथम वर्षाचा विद्यार्थी असल्यामुळें जंक्शनला गेलाच नव्हता. आणि पुढील वर्षीं देशांतील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस मिळणारा हाइझमन करंडक त्यानेंच पटकाविला. उलट जंक्शनला टिकलेल्यांपैकीं जीन स्टॉलिंग्ज आणि जॅक पार्डी हेहि पुढें मोठे प्रशिक्षक झाले, हें खरें. पण जे साठ-पासष्ट निघून गेले त्यांत किती स्टॉलिंग्ज होते, याचा हिशेब कोणी ठेविला आहे? राहिलेल्यांच्या कथा होतात. गेलेल्यांस भित्रे म्हणून मोकळें होतां येतें. निदान कोरड्या घशानें मैदान सोडणाऱ्या मुलास आम्ही तरी भित्रा म्हणणार नाहीं. शरीर घाम गाळून निवतें. घामास पाणी हवें. तें न मिळाल्यास रक्त दाट होतें, अंगांतील उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि ती चाळीस अंश सेल्सियसच्या पलीकडे गेली कीं मेंदूवर आघात होतो. येथें जिद्द उपयोगाची नाहीं.

ही गोष्ट जुन्या काळची म्हणून सोडूनहि देतां येत नाहीं. २०१८ च्या मे महिन्यांत मेरीलंड विद्यापीठाच्या सरावांत एक एकोणीस वर्षांचा खेळाडू धांवतां धांवतां कोसळला. उष्माघात झालेल्यास ताबडतोब बर्फाच्या पाण्यांत बुडविणें, हा सर्वमान्य उपाय. तो तेथें झाला नाहीं. पंधरवड्यानें मुलगा दगावला. विद्यापीठानें आपली चूक कबूल केली आणि त्याच वर्षीं मुख्य प्रशिक्षकांस काढून टाकलें. ब्रायंट प्रथम मुख्य प्रशिक्षक झाले होते ते १९४५ सालीं, याच मेरीलंडमध्यें.

आपल्या घरांतूनहि आतां मुलें-मुली क्रिकेट, कबड्डी, पोलीसभरतीची धांव अशा सरावांस भल्या पहांटे बाहेर पडतात आणि ऊन चढल्यावर परततात. कर्त्या मंडळींपैकीं कोणीं तरी एकदां मैदानावर जाऊन, पाण्याची घागर कोठें ठेवितात आणि मुलास ती न विचारतां उचलतां येते कीं नाहीं, एवढें पाहून यावें.