पट्ट्या तारेला अडकवल्या म्हणजे हिशेब झाला नाही



आज फवारणीचा मेसेज नाही. जरा वेगळं बोलायचंय, शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एका सभासदाकडे मोगरा बघायला गेलो होतो. रोगाचं विशेष काही नव्हतं. पण दादा म्हणाले, "काढूनच टाकतो, परवडत नाही." विचारलं, गेल्या हंगामात किती सुटले? "ते कुठे लिहिलंय!" दादरच्या पट्ट्या मात्र सगळ्या होत्या, पडवीत तारेला अडकवलेल्या. आणि वहिनींकडे पोराच्या जुन्या वहीत कळ्या तोडणाऱ्या बायांची मजुरी तारीखवार. म्हणजे हिशेब घरातच होता, अर्धा तारेला, अर्धा वहीत. बसून दोन तासांत जुळवला. मोगरा तोट्यात नव्हताच. पैसे खात होती बाजूची भाजी. तिचं खत-औषध मोगऱ्याच्या पैशातून चाललं होतं.

आपल्या लक्षात राहतो तो चढा भाव. समजा एका दिवशी 5 किलो कळी 800 ने गेली, दुसऱ्या दिवशी 20 किलो 150 ने. 4000 आणि 3000, म्हणजे 25 किलोचे 7000. किलोला पडले 280. डोक्यात मात्र 800 बसतात, फार तर दोन्ही भावांची सरासरी करून 475 धरतो. भाव चढतो तेव्हा बहुतेक माल कमी असतो, फुलाची रीतच ती. आता त्या 280 मधून तोडणी, गाडीभाडं, हमाली, दलाली वजा करा, मग बोला. आणि घरच्या बायका पहाटे उठून तोडतात ते फुकट धरू नका. बाहेरच्या बाईला जे देतो तेच त्यांच्या नावावर मांडा.

"शेतीचा हिशेब मांडला तर कोणी शेती करणार नाही," असं जुनी मंडळी हसून म्हणतात. मला ते पटत नाही. वसई-विरारला जमिनीचं गिऱ्हाईक दारात उभं असतं. अशा ठिकाणी "परवडत नाही" हे अंदाजाने बोलणं महागात जातं. विकायची तर विका, तुमचा हक्क आहे. पण आकडा बघून, एका पडलेल्या बाजाराच्या रागात नको.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे वही मागायला कोणी येत नाही आणि आपल्याला सवयही नाही. कंपनीला मात्र कायद्याने दरवर्षी ऑडिट करावंच लागतं. तरी त्यावर निर्धास्त राहू नका. उत्पादक कंपनीत बोनस निघाला तर ज्याने जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात मिळतो. मी कंपनीचाच माणूस, तरी सांगतो, आमच्या नोंदीशी तुमचं वजन जुळवून बघा. चूक आमच्याकडूनही होते.

पट्टीवर कपात काय काय झाली तेही वाचत जा. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, असा नियम 2016 पासून आहे. तसंच किसान क्रेडिट कार्ड असेल त्यांनी पहिल्या पानावर परतफेडीची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. वेळेत भरलं तर 7 टक्क्यांचं व्याज 4 टक्क्यांवर येतं.

ॲप वगैरे नको. एक वही, प्रत्येक पिकाला वेगळं पान. तारीख, वजन, हातात आलेले पैसे, झालेला खर्च. त्याच रात्री लिहायचं, रविवारी आठवून नाही. घरखर्च वेगळ्या पानावर. पोराची फी आणि खताची गोणी एका यादीत आली की संपलं.

मंगळवारी सकाळी मी संकलन केंद्रावर आहे. पट्ट्या पिशवीत भरून आणा. वहिनींची वही असेल तर ती आणा, आणि जमलं तर वहिनींनाही.

– तुमचा कृषी सल्लागार